तेरावा महिना आणि मोडलेला शब्द

२०२३ साली श्रावण दोनदा आला, २०२६ साली ज्येष्ठ दोनदा. अधिक महिना लागला की लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाचं आवतण जातं, पुरणाचे धोंडे होतात, तेहेतीस अनारशांचं वाण वर दिवा ठेवून दिलं जातं. लग्नं, मुंजी, वास्तुशांती थांबतात आणि पोथ्या, उपास, दानधर्म वाढतात. पण हा महिना मुळात आहे काय? चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा लहान पडतं, ती तूट भरून काढायला पंचांगात केलेली दुरुस्ती. निव्वळ आकाशाचा हिशेब. मग त्या महिन्यात पुण्य कशासाठी जोडायचं? चंद्र-सूर्याच्या गणिताशी माणसाच्या चांगुलपणाचं काय नातं?

हे नातं फक्त आपणच जोडलेलं नाही. सूर्याला वेळेवर उगवायला लावतो तोच नियम माणसाला दिलेला शब्द पाळायला लावतो, असं वेदांतल्या ऋषींना वाटलं, नाईलकाठच्या लोकांना वाटलं, इराणमध्ये वाटलं, ग्रीसमध्येही वाटलं. त्यावरून ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. विश्वाला एक नियम आहे, इथपर्यंत एकमत आहे. तो चालवतो कोण आणि मोडला तर सावरतो कोण, या प्रश्नाची उत्तरं मात्र फार निरनिराळी आहेत, आणि माणसांच्या जगण्यावर खरा परिणाम झाला तो या उत्तरांचा.

चौकट : अधिक मास कसा येतो?
चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात. सूर्याचं वर्ष सुमारे ३६५ दिवस ६ तासांचं. दरवर्षी जवळपास ११ दिवसांचा फरक पडतो. साधारण साडेबत्तीस महिन्यांत हा फरक एका चांद्रमहिन्याएवढा होतो. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे ज्यात संक्रांत येत नाही, तो अधिक धरतात. १९ वर्षांत असे ७ महिने येतात. इस्लामी कालगणनेत ही दुरुस्ती नाही, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो.

वरुणाला ठाऊक असलेला महिना

ऋग्वेदात या नियमाचं नाव ऋत. नद्या उताराकडे वाहतात, रात्रीमागून पहाट येते, उन्हाळ्यामागून पाऊस येतो, यज्ञातली कृती ठरलेल्या क्रमाने होते आणि खरं बोलणारा माणूस खरं बोलतो. हे सगळं ऋताच्या पोटात येतं. निसर्गाचा नियम वेगळा आणि नीतीचा वेगळा, अशी फोड त्या काळी कोणी केलेलीच नव्हती.

ऋताचा राखणदार वरुण. आज वरुण म्हटलं की आपल्याला पाऊस किंवा समुद्र आठवतो. ऋग्वेदातला वरुण आकाशाचा आणि शपथेचा स्वामी आहे. सूर्याची वाट त्यानेच आखून दिली. त्याचे हेर सगळीकडे फिरतात आणि शब्द मोडणाऱ्याला त्याचा पाश आवळतो. पहिल्या मंडलातल्या पंचविसाव्या सूक्तात या वरुणाचं ज्ञान किती खोल आहे ते सांगताना ऋषी म्हणतो की त्याला बारा महिने ठाऊक आहेत, आणि नंतर जन्माला येणारा आणखी एकही ठाऊक आहे. बारांच्या मागून येणारा तो म्हणजे अधिक मास, असाच याचा अर्थ परंपरेने आणि आधुनिक अभ्यासकांनी लावला आहे. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी चंद्र आणि सूर्य यांचा मेळ बसत नाही हे ताडलं होतं, आणि त्या दुरुस्तीचं ज्ञान थेट शपथांच्या देवाकडे सोपवलं होतं.

हे सूक्त परंपरेने शुनःशेपाचं मानतात, आणि शुनःशेपाची ऐतरेय ब्राह्मणातली कथा या विषयासाठी फार मोलाची आहे. त्यात राजा हरिश्चंद्र आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणला तो सत्यवचनी राजा आपल्या ओळखीचा. या जुन्या कथेतला हरिश्चंद्र मात्र वचन लांबणीवर टाकणारा आहे. मुलगा झाला तर तो तुलाच अर्पण करीन, असं तो वरुणाला कबूल करतो. रोहित जन्मतो. मग दहा दिवस होऊ देत, दात येऊ देत, दात पडू देत, पुन्हा येऊ देत, शस्त्र धरण्याच्या वयाचा होऊ दे, असं करत बाप एकेक मुदत मागत जातो. शेवटी मुलगाच रानात निघून जातो आणि राजाला जलोदर होतो. पोट पाण्याने फुगतं. हे वरुणाचं दुखणं.

रोहित आपल्या जागी दुसरा मुलगा शोधतो. अजीगर्त नावाचा भुकेकंगाल ब्राह्मण शंभर गाईंना आपला मधला मुलगा शुनःशेप विकतो. त्याला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबाला, बांधायला कोणी पुढे होत नाही, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापच बांधतो. सुरी चालवायलाही कोणी धजत नाही, तेव्हा तिसऱ्या शंभरांवर तोच तयार होतो. बांधलेला मुलगा एकामागून एक देवांची स्तुती करत जातो. सगळ्यांत शेवटी तो उषेकडे, पहाटेकडे वळतो. तिच्या एकेका ऋचेबरोबर वरुणाचा एकेक पाश सुटतो आणि तिकडे राजाचं पोट ओसरत जातं. शेवटच्या ऋचेला मुलगा मोकळा, राजा बरा.

मोडलेल्या शब्दाचं दुखणं पहाटेच्या स्तुतीने का बरं व्हावं? पहाट ही ऋताची सर्वांत भरवशाची खूण आहे. ती आजवर चुकलेली नाही, आणि राजाने नेमकं चुकवलं होतं.

शपथेला साक्षीदार हवा

ही जोडणी झाली तरी कशी? मला त्यामागे एक रोजची अडचण दिसते. लिहिलेले करार नाहीत, न्यायालय नाही, दोन टोळ्यांचा राजा एक नाही. अशा वेळी गुरांच्या, पाण्याच्या, सोयरिकीच्या व्यवहारात समोरच्याच्या शब्दावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? साक्षीदार हवा. तो दोघांनाही दिसला पाहिजे, दोघांपैकी कोणालाही विकत घेता येता कामा नये आणि तो कधी चुकता कामा नये. आकाशाइतकं या कसाला कोण उतरणार?

याचा एक लेखी पुरावा हाती आहे. तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे हित्ती राजांची राजधानी होती. तिथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि मितन्नी राज्याचा शत्तिवाज यांच्यातला इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला तह कोरलेला आहे. तहाला साक्षी म्हणून दोन्ही बाजूंच्या देवांची लांबलचक यादी आहे आणि तीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे आपले अश्विनीकुमार, यांची नावं आहेत. भारतापासून इतक्या दूर या देवांना बोलावणं गेलं ते पावसासाठी किंवा पिकासाठी नव्हे. दोन राजांनी दिलेला शब्द राखण्यासाठी.

पाळीचं पाणी

इजिप्तमध्ये हाच विचार माआत या नावाने आला. माआत म्हणजे जगाची नीट लागलेली घडी आणि तिची देवता, जिच्या डोक्यावर शहामृगाचं पीस असतं. माणूस मेल्यावर तराजूच्या एका पारड्यात त्याचं हृदय आणि दुसऱ्यात हे पीस ठेवलं जाईल, अशी तिथली श्रद्धा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या लेखनिकाचा इसवी सनापूर्वी १२५० च्या सुमाराचा पपायरस आहे, त्यावर हा प्रसंग रंगवलेला आहे. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस तराजू तपासतो आहे, बगळ्यासारख्या लांब चोचीच्या तोंडाचा थोथ बोरू घेऊन निकाल लिहायला उभा आहे, आणि त्याच्यामागे मगरीचं तोंड, सिंहाचं पुढचं अंग आणि पाणघोड्याचं मागचं अंग असलेली अम्मित हृदय गिळायला टपून बसली आहे.

अशा पपायरसांमध्ये मृताने बेचाळीस न्यायाधीशांपुढे करायचं निवेदन असतं. मी काय केलं नाही, याची ती जंत्री. मी तराजूत लबाडी केली नाही, लेकरांच्या तोंडचं दूध काढलं नाही, हे त्यात आहे. आणि पाण्याच्या हंगामात पाणी रोखलं नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही, हेही आहे. पूर आला की नाईलचं पाणी चरांनी शेतात घ्यायचं, यावर सगळा देश जगत होता. वरच्या शेतकऱ्याने ते अडवलं की खालचं शेत कोरडं राहणार. म्हणजे एकाच कृतीने नदीचा क्रमही मोडतो आणि शेजाऱ्यावर अन्यायही होतो. कालव्याच्या पाळीवरून झालेली भांडणं ज्याने पाहिली आहेत त्याला हे समजावून सांगायला नको.

मात्र वरुण आणि माआत यांत एक मोठा फरक आहे. वरुण नियम राखतो, माआत राखावी लागते. अबायडॉस इथल्या पहिल्या सेतीच्या देवळात राजा तळहातावर माआतची चिमुकली मूर्ती घेऊन ती देवापुढे धरताना कोरला आहे. राजाने देवाला द्यायचा सर्वांत मोठा नैवेद्य म्हणजे न्यायाने चाललेलं राज्य. तो थांबला तर घडी विस्कटेल, ही भीती त्यामागे आहे.

म्हणूनच तिथला साधा माणूसही माआत मागू शकत होता. मध्य राज्याच्या काळातली, म्हणजे जवळपास चार हजार वर्षांपूर्वीची, एका शेतकऱ्याची गोष्ट आहे. खुनअनुप नावाचा हा माणूस गाढवांवर माल लादून बाजाराला निघतो. वाटेत नेमतिनख्त नावाचा लबाड माणूस अरुंद वाटेवर कापड पसरून ठेवतो, कापडाच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला सातूचं शेत. बाजूने जाताना एक गाढव सातूचा घास घेतं आणि त्या निमित्ताने सगळी गाढवं जप्त होतात. शेतकरी मोठ्या कारभाऱ्याकडे, रेन्सीकडे दाद मागतो. त्याचं बोलणं इतकं नेमकं असतं की राजा हुकूम देतो : त्याला उत्तर देऊ नका, बोलू द्या, लिहून घ्या, पण त्याच्या घरी धान्य पोचतं ठेवा. नऊ वेळा तो येतो आणि कारभाऱ्याला तोंडावर सुनावतो की तूच तराजू आहेस, तूच कललास तर जग कशावर उभं राहायचं? शेवटी त्याला न्याय मिळतो आणि लबाडाची मालमत्ताही. एका गाढवाच्या घासावरून निघालेलं भांडण विश्वाच्या घडीपर्यंत नेण्याचा हक्क या कल्पनेने एका फाटक्या माणसाला दिला. मला यात या विचाराची सगळी ताकद दिसते.

खोट्याशी लढाई

वेदांतल्या ऋताचं आणि इराणी धर्मग्रंथ अवेस्तातल्या ‘अष’चं कूळ एकच. जरथुष्ट्राने मात्र त्याला वेगळं वळण दिलं. त्याच्या शिकवणीत नियमाला शत्रू आहे, त्याचं नाव द्रुज, म्हणजे खोटं. जग हे या दोघांचं रणांगण आहे, आणि प्रत्येक चांगला विचार, चांगला शब्द, चांगली कृती अषचं बळ वाढवते. देव एकटा हे करणार नाही, माणसाने बाजू निवडायची आहे. इराणचा सम्राट दारियस याने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत लेख कोरवला. त्यात प्रत्येक बंडखोराचा गुन्हा सांगितला आहे तो एकाच ठशाचा : हा खोटं बोलला. बंड म्हणजेच खोटं! सत्तेने विश्वनियम आपल्या बाजूला ओढून घेण्याचं हे जुनं उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे.

अषची दिसणारी खूण अग्नी. मुंबईत आजही पारशांची चार आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाची अग्निमंदिरं, आहेत, उदवाड्याला त्यांचं इराणशाह आहे, आणि दिवसाच्या पाच प्रहरांना तिथल्या अग्नीला काष्ठ अर्पण होतं. तो तेवता ठेवणं हे माणसाचं काम आहे.

ग्रहण लागलं, चूक कोणाची?

चीनमध्ये याच विचाराची उलटी बाजू दिसते. वैदिक ऋषीला आकाशाचा नेम चुकत नाही यात नीतीची हमी दिसली. चिनी दरबाराला नेम चुकला की इशारा दिसायचा. इसवी सनापूर्वी १०४६ च्या सुमारास चौ घराण्याने शांग राजांना हटवलं आणि सांगितलं की स्वर्गाने दिलेली राज्याची सनद दुराचारामुळे काढून घेतली. सनद काढून घेता येते, हे एकदा मान्य झाल्यावर प्रत्येक राजाला आकाशाकडे बघत राहावं लागलं. इसवी सनापूर्वी १७८ साली सूर्यग्रहणानंतर हान सम्राट वन याने फर्मान काढून दोष स्वतःकडे घेतला आणि आपल्या चुका स्पष्ट सांगणारी माणसं मागवली. अनियंत्रित सत्तेला जाब विचारण्याची ही एक सोय होती. पुढे ग्रहणं गणिताने आधीच सांगता येऊ लागली तसतशी तिची धार कमी होणं साहजिक होतं.

ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास तत्त्वज्ञ हेराक्लिटसने म्हटलं की सूर्यसुद्धा आपली मर्यादा ओलांडू शकत नाही. ओलांडलीच तर न्यायाच्या सेविका, एरिनिस, त्याला हुडकून काढतील. या एरिनिस ग्रीक कथांमध्ये खोटी शपथ घेणाऱ्यांचा पाठलाग करतात. सूर्याला आणि शपथ मोडणाऱ्याला पकडणाऱ्या देवता इथेही त्याच.

हिशेब आपोआप चालतो का?

भारतात पुढे वरुण मागे पडला आणि कर्माचा सिद्धांत पुढे आला. त्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला. कृती आज संपते, फळ कित्येक वर्षांनी मिळतं, कदाचित पुढच्या जन्मात. मधल्या काळात कारण कुठे असतं? जे उरलंच नाही ते परिणाम कसा घडवेल?

वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी उत्तर दिलं : कृती संपली तरी तिच्यापासून एक अदृश्य शक्ती निपजते आणि फळ येईपर्यंत टिकते. तिला त्यांनी अपूर्व म्हटलं. रात्री दुधात चमचाभर विरजण घालतो. सकाळी तो चमचाभर भाग वेगळा काढून दाखवता येत नाही, पण सगळ्या दुधाचं दही झालेलं असतं, आणि त्यासाठी रात्रभर कोणी जागत बसलेलं नसतं. मीमांसकांच्या मते कर्मफळही असंच, त्याला वाटप करणारा देव लागत नाही. जैन दर्शन याहून पुढे गेलं. कर्म हे अत्यंत सूक्ष्म द्रव्य आहे, राग-द्वेषाने ते जीवाला चिकटतं आणि तपाने झडतं, अशी तिथे सविस्तर मांडणी आहे.

सगळ्यांना हे मान्य नव्हतं. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा वाद उघड नोंदवला आहे. फळ धर्मापासूनच मिळतं, हे मीमांसकांचा आचार्य जैमिनी याचं मत तिथे त्याच्या नावाने दिलं आहे आणि फळ ईश्वर देतो, असं सूत्रकार बादरायणाने ठरवलं आहे. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांचाही कौल ईश्वराच्या बाजूने. अचेतन कर्माला कुणाला काय द्यायचं हे कसं कळेल, हा त्यांचा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. आपण ‘करावं तसं भरावं’ म्हणतो तेव्हा जैमिनीच्या बाजूला असतो आणि ‘देव बघतोय’ म्हणतो तेव्हा बादरायणाच्या.

सगळंच कर्म नव्हे

हिशेब आपोआप आणि अचूक चालतो असं मानलं की त्याचा एक भयंकर अर्थ निघू शकतो. जो दुःखात आहे तो त्याच लायकीचा. छांदोग्य उपनिषदात वाईट आचरणाचं फळ म्हणून कुत्र्याच्या, डुकराच्या आणि चांडाळाच्या योनी एका ओळीत सांगितल्या आहेत. चोखोबांच्या नावावरच्या काही अभंगांत आपला जन्म मागल्या दोषाचं फळ म्हणून पत्करलेला दिसतो, तर काहींत विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न केलेला आहे. खुनअनुपला ज्या कल्पनेने दाद मागायला उभं केलं, तिनेच आपल्याकडे शतकानुशतकं माणसांना दाद न मागता बसवलं. फरक पडला तो ‘नियम चालवतो कोण’ या प्रश्नाच्या उत्तराने.

या धोक्याची जाणीव बौद्ध परंपरेला लवकर झाली होती. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारलं आहे की माणसाला होणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मानेच होतं का. बुद्ध आठ कारणं मोजतात : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूतला बदल, निष्काळजी वागणूक, दुसऱ्याकडून झालेला आघात आणि आठवं कर्म. सगळं कर्मानेच होतं म्हणणारे माहीत असलेल्या गोष्टींच्या पलीकडे उडी मारतात, असं ते म्हणतात. पाचव्या शतकात बुद्धघोषाच्या अट्ठकथांमध्ये, म्हणजे भाष्यांमध्ये, याची नीट विभागणी झाली आहे : ऋतूंचा नियम, बीजाचा नियम, चित्ताचा नियम, कर्माचा नियम आणि धम्माचा नियम. साळीपासून साळच उगवते, याचा पेरणाऱ्याच्या सचोटीशी संबंध नाही. ऋताने एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी, निसर्ग आणि नीती, इथे सुट्या झाल्या.

ही विभागणी विसाव्या शतकात पुन्हा हाती घेतली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आज तो महाराष्ट्रात घरोघरी, विहारांमध्ये वर्षावासात वाचला जातो. त्यात बाबासाहेब ग्रह-ताऱ्यांच्या, ऋतूंच्या आणि बीजांच्या क्रमाला भौतिक व्यवस्था म्हणतात आणि विचारतात की समाजातली नैतिक व्यवस्था कशी टिकते. ईश्वर ती टिकवतो, हे उत्तर ते नाकारतात, कारण मग जगात इतका अन्याय का, याचा जबाब ईश्वराला देता येत नाही. व्यवस्था टिकते ती कर्मनियमाने, म्हणजे माणसांच्या कुशल-अकुशल कृत्यांनी.

पण इथे ते एक मोठं पाऊल टाकतात. मागल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची गरिबी किंवा जात ठरते, हे ते साफ नाकारतात. अमक्याचं भलं का झालं आणि तमका का नाडला गेला, याचा निवाडा कर्मनियम करत नाही, असं ते बजावतात. तो एकूण समाजाच्या नैतिक व्यवस्थेबद्दल आहे. लबाड माणूस सुखात मरू शकतो. पण लबाडी चालवून घेणाऱ्या समाजाचं जगणं बिघडतं आणि ते तिथल्या सगळ्यांना, निरपराधांनाही, भोगावं लागतं. ते सुधारणारी कृतीही त्याच समाजातल्या माणसांना करावी लागते. बाबासाहेबांच्या मांडणीत हे काम वरुणावर सोडता येत नाही, आणि पुढच्या जन्मावरही नाही.